मूलाधारातला हत्ती, मणिपुरातला मेंढा

वेरूळच्या कैलास लेण्यात शिरलं की सगळे मान वर करून शिखराकडे बघतात. पुढच्या खेपेला मान खाली घालून बघा. मंदिराच्या जोत्यावर चहूबाजूंनी हत्ती कोरले आहेत, मध्येमध्ये सिंह आणि काही कल्पित प्राणी. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. तरी एवढा डोंगराएवढा दगड आपल्याच पाठीवर आहे अशा बेताने ते उभे आहेत, आणि ओझ्याचा त्रास म्हणावा तर चेहऱ्यावर दिसत नाही. मूलाधारचक्राचं वर्णन मी त्याआधी चार पुस्तकांत वाचलं होतं. चार पाकळ्यांचं कमळ, मधे पिवळा चौकोन, चौकोनात हत्ती, हत्तीवर 'लं' हे बीज. वाचून पाठ झालं होतं, उपयोग काही झाला नव्हता. त्या जोत्यापाशी अर्धा तास बसल्यावर हत्ती तिथे कशाला हवा, हे माझ्या कंबरेला कळलं. डोक्याला अजूनही नीट सांगता येत नाही.

'चक्रावर लक्ष केंद्रित करा' असं म्हटलं की ज्यांना 'म्हणजे नक्की कशावर?' असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथे सांगितलेली पद्धत साधी आहे. एकेका चक्राच्या जागी लक्ष न्यायचं, तिथे एखादा प्राणी येतो का ते पाहायचं, आला तर त्याच्याशी ओळख करून घ्यायची. या स्वरूपात ती अमेरिकेतून आली. एलिजिओ स्टीफन गॅलेगोस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ती मांडली. शरीरातली चक्रं आणि उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे, एकावर एक प्राणी कोरलेले टोटेम खांब यांची त्याने आपल्या मनात सांगड घातली आणि समुपदेशनात ती वापरली.

सांगड त्याची आहे, हे लक्षात ठेवा. हैडा, ट्लिंगिट वगैरे लोकांचे लाल सीडारच्या खोडातले ते खांब चक्रांचे नकाशे नाहीत. कुठल्या घराण्याचा पूर्वज कोण, मान कोणता, हक्क कुठला, याची ती उभी वंशावळ असते. ज्या पॉटलॅच सोहळ्यांत असे खांब उभारले जात, त्यांच्यावर कॅनडाच्या सरकारने १८८५ ते १९५१ बंदी घातली होती. 'टोटेम' हा शब्दसुद्धा त्या किनाऱ्याचा नाही. तो पूर्वेकडच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आला, आणि तिथे त्याचा संबंध कुळाशी आहे. तेव्हा शनिवार-रविवारच्या शिबिरात पत्ता ओढून 'माझं टोटेम गरुड' असं कोणी सांगू लागलं की मला थोडी गंमत वाटते आणि थोडी लाजही. कुळ असं दोन दिवसांत मिळत नाही.

आपल्याला खरं तर हे कोणी समजावून सांगायला नको. लग्नाच्या आदल्या दिवशी आपण देवक बसवतो. कोणाचं मोरपीस, कोणाचं साळुंकीचं पीस, कोणाची पंचपालवी. ज्याचं जे देवक, ते त्याने तोडायचं नाही, मारायचं नाही, खायचं नाही. पालघर-ठाण्याकडच्या वारली पाड्यांत वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या पाट्या आहेत. वाघ म्हणजे धोका हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक, म्हणूनच त्याच्याशी रीतसर संबंध ठेवलेला. देवक हे नातं आहे. ते आपण निवडत नाही, आणि त्यातून फायदा काय, असं कोणी विचारत नाही.

चक्रांतले प्राणी मात्र देवकही नाहीत आणि टोटेमही नाहीत. ती वाहनं आहेत. आज जो सहा चक्रांचा आराखडा सगळीकडे छापलेला दिसतो, तो मुख्यतः पूर्णानंद यतींच्या 'षट्चक्रनिरूपण' या १५७७ सालच्या संस्कृत रचनेवरून आला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या टोपणनावाने १९१९मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं आणि ती जगभर पसरली. या रचनेत खालच्या पाच चक्रांत पाच महाभूतं आहेत, प्रत्येक महाभूताचं बीजाक्षर आहे आणि ते बीज एकेका प्राण्यावर बसलं आहे. पृथ्वी हत्तीवर, पाणी मकरावर, अग्नी मेंढ्यावर, वायू काळविटावर, आकाश पांढऱ्या हत्तीवर. भिंतीवरच्या तक्त्यात दिसणारे तांबडा-नारिंगी-पिवळा असे इंद्रधनुष्याचे रंग त्यात नाहीत, ती विसाव्या शतकातली पाश्चात्त्य भर. चक्रांची संख्याही सगळीकडे सारखी नाही. नाथपंथाच्या 'सिद्धसिद्धांतपद्धती'त ती नऊ आहेत. त्यामुळे नकाशावरून भांडू नये. मी सहा-सातचा घेते, कारण त्यात प्राणी आहेत.

वाहन म्हणजे काय, याचा थोडा विचार करा. गणपती म्हणजे उंदीर नव्हे, उंदरावर बसणारा गणपती. तसंच ध्यानात आलेला प्राणी म्हणजे 'मी' नव्हे. मला जे वाहून नेतंय, ते तो. माझा राग मला पाठीवर घेऊन कुठे चाललाय, माझी भीती मला कुठल्या गोठ्यात बांधून ठेवते, हे त्या प्राण्याच्या चालीवरून दिसतं. 'मी वाघ आहे' असं म्हणणाऱ्याला पुढे काही शिकायचं राहत नाही. 'मी कशावर बसलोय?' असं विचारणाऱ्याला निदान खाली बघावं लागतं.

प्राण्याला मनात धरून बसणं हे आपल्याकडे नवं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत, विभूतिपादात, हत्तीच्या बळावर संयम केल्याने तसं बळ येतं असं सांगितलं आहे. त्यावरच्या व्यासभाष्यात गरुडाच्या बळाचाही उल्लेख आहे. सिद्धी मिळते की नाही ते मला माहीत नाही. आठवडाभर रोज वीस मिनिटं हत्तीच्या चालीकडे मनाने बघत राहिलं तर चालण्यात फरक पडतो, एवढं स्वतःवरून सांगते.

सुरू करण्याआधी थोडं थांबा. अपस्मार असेल, भास होण्याचा किंवा तीव्र मनोविकाराचा त्रास पूर्वी झाला असेल, नुकताच मोठा मानसिक आघात बसला असेल, तर हे एकट्याने करू नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. चालू असलेलं औषध या ध्यानासाठी बंद करायचं नाही. चक्रांत प्राणी आला म्हणून पोटाचा अल्सर बरा होत नाही, तसं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. बैठकीत छाती धडधडायला लागली, घाबरं वाटलं, तर लगेच डोळे उघडा, तळपाय फरशीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या. त्या दिवशी पुन्हा बसू नका. श्वास कोंडणं, जोरजोरात श्वास घेणं, बंध लावणं यांतलं काही इथे लागत नाही.

बसायला घडी घातलेली घोंगडी किंवा जाड सतरंजी घ्या. बैठक इतकी उंच हवी की गुडघे कंबरेच्या खाली जातील, म्हणजे कणा आपोआप ताठ राहतो. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते, फक्त पाय लोंबकळू देऊ नका. जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्यात. वेळ पहाटेची म्हणतात. मी दिवेलागणीला बसते, कारण पहाटे मला प्राण्यांऐवजी झोप येते. जवळ एक वही आणि जाडसर पेन्सिल ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

एका आठवड्याला एकच चक्र घ्या. रोज वीस मिनिटं. एका बैठकीत सातही चक्रं फिरवून आणणारी ध्वनिमुद्रणं मिळतात, पण ती म्हणजे पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर एका दिवसात उरकणारी यात्रा. दर्शन होतं, लक्षात बसचा हॉर्न राहतो.

मूलाधार शिवणीपाशी, म्हणजे बसल्यावर शरीराचा भार जिथे जमिनीला मिळतो तिथे. पहिली पाच मिनिटं फक्त तो भार जाणवू द्या. मग मनात एकच वाक्य म्हणा: 'इथे जो कोणी आहे, त्याने पुढे यावं.' आणि थांबा. इथेच बहुतेकांची गडबड होते. हत्ती यायला हवा म्हणून ते हत्ती रंगवू लागतात. रंगवायचं नाही, वाट पाहायची. काही दिसेलच असंही नाही. कोणाला नुसता वास येतो, कोणाला आवाज, कोणाला त्या जागी काहीतरी जड हलल्यासारखं वाटतं. पहिले चार दिवस मला काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी म्हशीची पाठ आली. फक्त पाठ, वाळलेला चिखल आणि वर एक कावळा. मला त्याची निराशा वाटली, कारण ग्रंथात ऐरावत आणि माझ्याकडे म्हैस. मग आठवलं की लहानपणी आमच्या घराचा सगळा खर्च दोन म्हशींवर चालायचा. आमच्या घराचं जोतं तेच होतं.

आलेल्या प्राण्याला तीन गोष्टी विचारा. तो कोण आहे, त्याला काय हवंय आणि त्याला काय दाखवायचंय. उत्तर शब्दांत येईलच असं नाही. तो वळेल, चालू लागेल, आडवा होईल, तेही उत्तरच समजा. त्याच्या मागे जा, पण त्याला हाकू नका. प्राणी जखमी किंवा उपाशी दिसला तर मनातच पाणी ठेवा, चारा टाका, आणि दुसऱ्या दिवशी तो कसा आहे ते बघा. भीतिदायक आला तर मारू नका, पळूही नका. 'तिथेच थांब' असं सांगा. मी बसवलेल्या आठ-दहा जणांत तरी तो थांबलेला आहे. उठण्याआधी निरोप घ्या. अंगणात आलेल्या माणसाला आपण जसं 'या हं पुन्हा' म्हणतो, तसं.

मूलाधारात पुष्कळांना साप दिसतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घराघरांत वाचला गेल्यामुळे असेल, कुंडलिनी म्हणजे वेटोळं घातलेलं सापाचं पिल्लू ही प्रतिमा आपल्या मनात आधीच आहे. ग्रंथात ती साडेतीन वेटोळी घालून झोपली आहे. (साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन वेटोळी. अर्ध्यावर आपली फार श्रद्धा.) साप दिसला तर जवळ बसा. त्याला उठवायच्या भानगडीत पडू नका. हे ध्यान ओळखीपुरतं आहे. कुंडलिनी जागवणं हे गुरूच्या देखरेखीचं काम आहे, लेख वाचून करायचं नव्हे.

स्वाधिष्ठान ओटीपोटात. तत्त्व पाणी, आकार चंद्रकोर, वाहन मकर. मकर म्हणजे सुसर, मासा आणि हत्ती यांची सरमिसळ. वेरूळच्याच २१व्या लेण्याच्या दर्शनी भागात गंगा मकरावर उभी आहे, तिथे तो नीट पाहता येतो. स्विस मानसतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९३२च्या शरद ऋतूत झुरिचमध्ये कुंडलिनीयोगावर व्याख्यानं दिली, तेव्हा या प्राण्यांकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. त्यांच्या वाचनाचा आशय असा, की जमिनीवर जी शक्ती हत्ती होऊन आपल्याला उचलून धरते, तीच पाण्यात उतरल्यावर गिळायला आलेल्या जलचरासारखी वाटते. हे ज्याने वासनेशी किंवा दुःखाशी झुंज घेतली आहे त्याला लगेच पटेल. या आठवड्यात प्राणी पूर्ण दिसत नाही, पाण्याखाली काहीतरी सरकतं. तेवढंच लिहून ठेवा, गळ टाकू नका.

आता मणिपूर. नाभीपाशी, दहा पाकळ्या, पावसाने भरलेल्या ढगासारखा रंग, आत तांबडा त्रिकोण आणि त्यात मेंढ्यावर बसलेलं 'रं'. शहरातल्या माणसाला हे खटकतं. शक्तीचं चक्र, अग्नीची जागा, आणि वाहन मेंढा? आपण तर मुकाट मागे जाणाऱ्याला मेंढरू म्हणतो. मलाही खटकलं असतं, पण आमच्या शेतात दिवाळीनंतर मेंढरं बसायची. धनगर कोकणाकडे निघताना दोन-तीन रात्री वावरात कळप बसवत, तेवढंच शेताला खत. तेव्हा मेंढ्यांच्या टकरी जवळून पाहिल्या. टक्कर द्यायची असली की मेंढा आधी मागे सरतो. पाच पावलं, सहा पावलं, कधी दहा. मान खाली, नजर समोर. अंतर पुरेसं झालं असं त्याला वाटलं की मग सुटतो. जो मेंढा मागे न सरता जागच्या जागी ढुशा देतो, तो हरतो.

राग आल्यावर मी जागच्या जागी ढुशा देणाऱ्यांपैकी होते. मणिपुराच्या आठवड्यात मी मुद्दाम तो मेंढा आठवला नव्हता, तो आपणहून आला, आणि सात दिवस एकच करत राहिला. मागे जात राहिला. टक्कर एकदाही दिली नाही. मला वाटलं, ध्यान फसलं. पंधरा दिवसांनी घरात जुनाच वाद निघाला तेव्हा तोंड उघडण्याआधी मी उठून ओट्यापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. वाद मिटला नाही. पण मला जे म्हणायचं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाक्यात म्हणता आलं.

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिका मणिपुरात वाघ हवा म्हणून बसल्या. सारखी खार यायची. तीन दिवस त्यांनी तिला हाकललं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, 'बाई, आलीच आहे तर काय करते ते तरी बघा.' खार शेंगा पुरत होती. त्यांनी मला अर्थ विचारला, मी सांगितला नाही, कारण मला माहीत नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी दोन मंडळांच्या कामाला नकार कळवला, एवढं खरं. वाघ अजून आलेला नाही आणि आता त्या त्याची वाट पाहत नाहीत.

यावरून एक आग्रहाचं सांगणं. आलेल्या प्राण्याचा 'अर्थ' इंटरनेटवर शोधू नका. घुबड म्हणजे ज्ञान, ससा म्हणजे भीती, अशा याद्या परक्या मुलखात तयार झालेल्या असतात. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात आणि बंगालात ते लक्ष्मीचं वाहन आहे. यादी कोणाची खरी मानणार? त्यापेक्षा तो प्राणी प्रत्यक्ष बघा. कावळा आला तर गच्चीवर जा. बैल आला तर बाजारच्या दिवशी जा. मांजर आलं तर फार लांब जायला नकोच. तो खातो कसा, घाबरतो कशाला, विश्रांती कुठे घेतो, हे तासभर पाहिलं की त्याने तुमच्या नाभीत येऊन काय दाखवलं ते निम्मं उलगडतं. ध्यानाचा निम्मा भाग डोळे उघडे ठेवूनच होतो.

अनाहतासाठी मी हे अगदी शब्दशः केलं. छातीच्या मध्यभागी बारा पाकळ्यांचं, दुपारीच्या फुलासारखं तांबडं कमळ, त्यात धुरकट षट्कोन, 'यं' बीज आणि वाहन कृष्णमृग, म्हणजे आपला काळवीट. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८०मध्ये काळविटांसाठीच राखलं गेलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला तो माळ, हिवर आणि बाभळीची झुडपं, वाळकं गवत. सकाळी लवकर गेलात तर कळप हमखास दिसतो. नर काळा, माद्या फिकट तपकिरी. हा भारतातल्या सगळ्यात वेगवान प्राण्यांपैकी एक, ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावतो. पण मला लक्षात राहिला तो वेग नव्हे. चरता चरता सगळा कळप एकाच क्षणी मान वर करतो. आपल्याला काही ऐकू आलेलं नसतं. मग एकजण सरळ हवेत उडी मारतो, कारण दिसत नाही, आणि पुन्हा चरणं सुरू.

काळजाजवळ सिंह किंवा गाय न ठेवता हा सतत कानोसा घेणारा, पटकन बुजणारा प्राणी का ठेवला असेल, हे त्या माळावर उमगलं. प्रेमाच्या आणि दुःखाच्या गोष्टी अशाच बुजऱ्या असतात. तुम्ही सरळ चालत गेलात की पसार. म्हणून या आठवड्यात बोलावण्याचं वाक्यही म्हणू नका. छातीवर तळहात ठेवा, श्वास कुठवर जातो ते बघत बसा, नजर किंचित बाजूला असल्यासारखी ठेवा. प्राणी कडेने येतो. आला तर प्रश्न विचारू नका. तुम्ही तिथे आहात हे त्याने मान्य केलं, इतकं पुष्कळ झालं. या आठवड्यात रडू येऊ शकतं. येऊ द्या, नंतर गरम काहीतरी खा. दिवसभर रडू थांबलं नाही, झोप-जेवण बिघडलं, तर मात्र ध्यान बाजूला ठेवून जवळच्या माणसाशी आणि गरज वाटल्यास समुपदेशकाशी बोला.

विशुद्ध कंठात. सोळा पाकळ्या, त्यांवर सोळा स्वर, आत पूर्णचंद्रासारखं वर्तुळ आणि पुन्हा हत्ती, या वेळी पांढरा. तळाला जो होता तोच माती झटकून वर आलेला. बोलण्याच्या जागी हत्ती का, याचं एक उत्तर मला विज्ञानात सापडलं. १९८४मध्ये केटी पेन या अमेरिकी संशोधक बाई प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना आवाज ऐकू आला नाही, हवेत थरथर जाणवली. मोजणी केल्यावर कळलं की माणसाच्या कानाला पकडता येत नाहीत इतक्या खालच्या पट्टीत हत्ती एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणं काही किलोमीटर जातं. षट्चक्रनिरूपणकारांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी कंठाच्या आठवड्यात मी आवाजाकडे नव्हे, घशातल्या थरथरीकडे लक्ष द्यायला सांगते. ओठ मिटून, सैल गळ्याने, ऐकू येईल न येईल असा हुंकार सहा-सात वेळा काढा, मग गप्प बसा आणि वाट पाहा. हे चक्र उशीर लावतं. ज्यांनी वर्षानुवर्षं 'जाऊ दे' म्हणून शब्द गिळले, त्यांना इथे बहुधा रिकामी जागाच भेटते. रिकामी जागाही वहीत नोंदवा, तारखेसह.

आज्ञाचक्राला वाहन नाही. भुवयांच्या मधे दोन पाकळ्या, आणि प्राणी कोणी नाही. गॅलेगोसच्या पद्धतीत तिथेही आणि डोक्याच्या टाळूशीही प्राणी बोलावतात. हवं तर बोलावा. मी बोलावत नाही. पाच वाहनांवरून उतरल्यावर जरा पायी चालावं, असं मला वाटतं. तिथे मी फक्त श्वास ऐकते. आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं', उलटून ऐकलं की 'हंस'. दिवसाला २१,६०० श्वास असा आपल्याकडचा जुना हिशेब आहे, म्हणजे मिनिटाला पंधरा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या बाबतीत आजच्या मोजणीशीही तो जुळतो. पंधरा हंस मोजले की एक मिनिट झालं, घड्याळ लागत नाही.

सात आठवडे झाले की एक दिवस सगळ्या प्राण्यांची बैठक घ्या. जागा अनाहताची, हृदयाजवळची. एकेकाला त्याच्या चक्रातून बोलवा, गोल करून बसवा आणि तुम्ही गोलाबाहेर बसा. कोण कोणाशेजारी बसतो, कोण पाठ फिरवतो, कोणाला जागाच मिळत नाही, हे बघा. दोन प्राण्यांचं पटत नसेल तर मिटवायला जाऊ नका, कोणाला काय हवंय ते ऐकून घ्या. माझ्या पहिल्या बैठकीत मेंढ्याने काळविटाला जवळ येऊच दिलं नाही. माझ्या माणसांनी याहून वेगळं काही सांगितलं नसतं. बैठक अर्ध्या तासाहून लांबवू नका. संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या जागी परत पोचवा, वरून खाली या क्रमाने, म्हणजे शेवटी तळाशी येऊन उठता. पाय धुवा. चहा टाका.

वही मात्र त्याच दिवशी, चहा निवायच्या आत. चित्र काढता येत नाही ही सबब चालणार नाही. चार काड्यांची म्हैससुद्धा चालते. प्रत्येक चक्राला चार-चार पानं ठेवा, कारण प्राणी बदलतात. एखादा मोठा होतो, एखादा निघून जातो आणि त्याच्या जागी दुसराच येतो. चार-सहा महिन्यांनी पानं उलटली की जे दिसतं ते एका बैठकीत कधीच दिसलं नसतं. माझी म्हैस आता पूर्ण दिसते, कावळ्यासकट. मेंढ्याने एकदा टक्कर दिली, कोणाला ते लिहिलेलं नाही. कंठाच्या चार पानांवर अजून नुसत्या तारखा आहेत.